अर्धी राहिलेली वाकळ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, शिवणाऱ्या भगिनींची आहेत. विचारले आहे टाक्यांविषयी, पण तिन्हींच्या तळाशी घरची काळजी आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण तसा प्रसंग पुष्कळ घरांत येतो.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी वाळवा तालुक्यातील एका गावात राहते आणि गेली नऊ वर्षे लोकांच्या वाकळा शिवून देते. आषाढात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. मालक दिवसभर उसाच्या रानात असतात, मुलगी बारावीला आहे. माझ्याकडे तीन वाकळांचे काम पडून आहे. त्यांपैकी एक पुण्याच्या बाईंची आहे. त्यांनी आपल्या दिवंगत आईची दोन नऊवारी लुगडी दिली असून वाकळ दसऱ्यापर्यंत मागितली आहे. मी रात्री अकरानंतर शिवायला बसते, टाके वाकडे पडतात आणि सकाळी उसवावे लागतात. दिवसा सासूबाईंच्या समोर सुई हातात घेतली, तर भेटायला येणारी माणसे काय म्हणतील असे वाटते. कापड परत करून हे काम बंद करावे का?

उत्तर : ताई, कापड परत करू नका. दिलेली तारीख मात्र मागे घ्या, आणि ती दसरा तोंडावर आल्यावर नव्हे, तर हे उत्तर वाचाल त्याच दिवशी. फोन करून सांगा, कारण आईचे लुगडे दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या माणसाला प्रथम एवढेच ऐकायचे असते, की लुगडे सुखरूप आहे. उशिराचे कारण त्यानंतर सांगितले तरी चालते.

नवी तारीख अंदाजाने सांगू नये, म्हणून थोडा हिशेब मांडते. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट कापड. त्याचे पावणेसात फुटांचे चार तुकडे होतात, आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सुमारे ४५ इंच धरला तर दोन तुकडे जोडून साडेसात फूट रुंदी मिळते. म्हणजे एका लुगड्यातून वाकळेची वरची आणि खालची बाजू निघते आणि दुसरे लुगडे आत दोन थरांची भर म्हणून जाते. आता इंचभर अंतराने धावदोरा घातला, तर साडेसात फुटांच्या ८० ओळी होतात, म्हणजे एकूण ६०० फूट. इंचाला चार टाके धरले, तर एका वाकळेत जवळजवळ २९ हजार टाके पडतात. माझ्या हाताला एका ओळीला अर्धा तास लागतो, म्हणजे ओळींचेच ४० तास, आणि जोडणे, थर लावणे, कडा दुमडणे यांचे आणखी आठ. हे काम रात्री अकरानंतर दमलेल्या हातांनी उरकेल असे आपण कसे मानले, हे एकदा स्वतःला विचारा. तुमचे टाके वाकडे पडतात यात तुमच्या हाताचा काहीही दोष नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि कमरेला जखमा होतात. तुम्ही हे करतच असाल. याच दोन तासांना आपल्या कामाचे माप माना. कूस बदलून, पाणी पाजून झाले की दीड तास बसता येते आणि त्यात तीन ओळी होतात. दिवसातून अशा दोनच बैठका धरा, म्हणजे सहा ओळी. या हिशेबाने ८० ओळींना दोन आठवडे लागतात. पण घरात आजारी माणूस असताना हिशेबाइतके दिवस कधीच मिळत नाहीत, म्हणून एका वाकळेला पूर्ण महिना धरा. शिवाय घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याचा आठवडा येतो. त्या आठवड्यात एकही ओळ होत नाही हे आपल्याला दरवर्षी दिसते, आणि तरीही तारीख देताना आपण तो आठवडा मोजत नाही. पुण्याची वाकळ आधी घ्या आणि ती दिवाळीला मिळेल असे सांगा. उरलेल्या दोघींना मार्गशीर्ष सांगा, आणि त्यांना ते मान्य नसेल तरच त्यांचे कापड परत करा.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी कात्री हातात घेऊ नका. चुकलेला टाका उसवता येतो, पण आईच्या लुगड्यावर चुकीच्या जागी चाललेली कात्री मागे घेता येत नाही. कापणे आणि थर लावणे ही सलग वेळेची, मोकळ्या जागेची आणि दोन माणसांची कामे आहेत. एखाद्या रविवारी मुलीला किंवा शेजारच्या वहिनींना बोलावून जमीन स्वच्छ पुसून घ्या, चारही कोपऱ्यांवर डबे ठेवून कापड ताणा, थर सारखे करा आणि वीतभर अंतराने कच्चे टाके घालून टाका. एकदा कच्चा दोरा पडला, की ती वाकळ गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येते आणि हाक आली तर अर्ध्या टाक्यावर सोडून उठता येते. आपल्या घरांत वाकळ पिढ्यान्‌पिढ्या शिवली गेली, त्यात तिच्या या गुणाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

आता माणसे काय म्हणतील याविषयी. माझ्या सासऱ्यांना मिरजेच्या एका रुग्णालयात २३ दिवस ठेवले होते, तेव्हा मी नऊ इंचांचे चौकोन पिशवीत घेऊन जात असे. पहिले दोन दिवस संकोचाने पिशवी उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनीच विचारले, “आज शिवण आणलं नाहीस का गं?” मी नुसती त्यांच्या तोंडाकडे पाहत बसले की त्यांना आपला आजार फार मोठा वाटत असे, आणि मी शिवत असले की घरी बसल्यासारखे वाटत असे, हे त्यांनी नंतर सांगितले. त्या दिवसांत ५४ चौकोन झाले आणि त्यांचे साडेचार फूट रुंद, पावणेसात फूट लांब पांघरूण झाले. ते आजही घरात आहे. तुमच्या सासूबाईंनीही त्यांच्या काळात वाकळा शिवल्या असतीलच. त्यांच्या नजरेच्या टप्प्यात बसा, काठ कोणत्या बाजूला घ्यावा हे त्यांना विचारा, त्यांना बोलता येत नसेल तर मानेने सांगू द्या. डाव्या हाताला जमत असेल आणि व्यायाम शिकवणाऱ्यांची हरकत नसेल, तर दोऱ्याचे रीळ धरायला द्या. भेटायला आलेल्या बाईने काही म्हटलेच, तर तिच्याही हाती एक सुई द्या.

सासूबाईंच्या अंगाखाली मात्र ठिगळांची, जाड जोडांची वाकळ घालू नका, कारण जोडाची शिवण आणि दोऱ्याची गाठ दुबळ्या कातडीला रुतते. मऊ जुन्या सुती धोतराची बिनजोड दुपटी करून ठेवा. पाच-सहा असली की धुण्याची ओढाताण होत नाही.

पैशांविषयी तुम्ही काहीच लिहिले नाही, पण मी लिहिते. ४८ तास म्हणजे आठ तासांचे सहा दिवस. तुमच्या गावात भांगलणीला बाईला दिवसाची जी मजुरी मिळते, तिला सहाने गुणा आणि दोऱ्याचा खर्च वेगळा धरा. त्याहून कमी घेत असाल, तर पुढचे काम घेण्यापूर्वी दर वाढवा. आजारपणाच्या घरात कमी पैशांत जास्त वाकळा हा व्यवहार परवडत नाही.

प्रश्न : मी कोरेगावची, वय ४८. सुईत दोरा ओवायला आता मुलाला हाक मारावी लागते, काळ्या कापडावर टाका दिसत नाही. सात वर्षांपासून मधुमेह आहे. मुलाच्या फीचे दिवस असल्याने चष्म्याचे घरात बोलले नाही. मोठ्या नाकाची सुई वापरली तर चालेल का?

उत्तर : सुई चालेल, पण बोलायला हवे. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसणे स्वाभाविक आहे आणि साध्या चष्म्याने ते सुधारते. मधुमेह असेल तर मात्र डोळ्याच्या मागच्या पडद्यालाही इजा होऊ शकते, आणि ती सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. म्हणून वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यावा लागतो, आणि हे काम सरकारी रुग्णालयातही होते. तुमच्या डोळ्यांवर वाकळांचे पैसे येतात आणि त्यांतून फी भरली जाते, हे घरात स्पष्ट सांगा. तोपर्यंत गडद कापडाचे काम सकाळच्या उजेडात करा, बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) घातल्याशिवाय सुई धरू नका आणि शिवून उठताना सुया मोजून डबीत ठेवा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि तसे असेल तर जमिनीवर पडलेली सुई रुतलेली कळतही नाही.

प्रश्न : आम्ही सांगलीत नदीजवळ राहतो. २०१९ च्या महापुरात आईने शिवलेली वाकळ चार दिवस पाण्यात होती. कितीदा धुतली तरी वास जात नाही, काळे डाग आहेत. टाकवत नाही आणि वापरवत नाही. तेव्हापासून पावसाळ्यात पाणी चढू लागले, की लोकांचे कापड घरात ठेवायचीही भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना पोचले की इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हे ज्यांनी घरात उभे राहून पाहिले आहे, त्यांना कोणी धीराचे शब्द सांगू नयेत. लोकांचे कापड जूनमध्येच वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवा. आषाढ ते भाद्रपद नवे काम घ्यायचे असेल तर बाळाची दुपटी घ्या, कारण ती एका पिशवीत मावतात आणि घर सोडताना हाती धरता येतात.

आईच्या वाकळेत वास आहे तो बहुधा आतल्या भरीचा. पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते आणि मधल्या थरांत शिरलेला गाळ बाहेरून धुऊन निघत नाही. नाकातोंडाला फडके बांधून, अंगणात बसून एक बाजू उसवा. उसवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. भर टाकून द्या, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. वरचे कापड दोन्ही अंगठ्यांत धरून हलके ताणा. जिथे ते फाटेल, तिथे आतून सुती ठिगळ द्यावे लागेल. जिथे टिकेल, ते कोमट पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. डाग पूर्ण जाणार नाहीत, पण ते घालवण्यासाठी ब्लीच वापरू नका, कारण जुने सूत त्याने विरते. नवी भर धुतलेल्या जुन्या सुती साड्यांचीच घाला. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि वरच्या जुन्या कापडाला सुरकुत्या पाडते.

कापड वाळल्यावर ते खिडकीपाशी तिरके धरून पाहा. आईच्या धावदोऱ्याच्या ओळी फिकट रेघांसारख्या उमटलेल्या दिसतील, काही ठिकाणी सुईची भोकेही. नवे थर लावून झाले, की कडेच्या ओळीपासून सुरुवात करून त्याच रेघांवरून नवा दोरा न्या. दोरा फार जाड घेऊ नका, नाहीतर जुने कापड भोकापाशी फाटेल.