टपालाने डीव्हीडी मागवून जुने, परदेशी सिनेमे बघण्यात असं काय होतं? आता कुठून सुरुवात करू?

“आता तर सगळंच नेटवर मिळतं,” असं तुम्ही प्रश्नाखाली जोडलंय, म्हणून लिहायला बसले. हे वाक्य मी घरात इतकी वर्षं ऐकतेय की आता कान किटले.

२००७ साली आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहायचो. नेटफ्लिक्स तेव्हा टपालाने डीव्हीडी भाड्याने द्यायचं, आमचा एका वेळी तीन डिस्कचा प्लॅन होता. एक परत पाठवली की क्यूमधली, म्हणजे आपण लावून ठेवलेल्या यादीतली, पुढची आपोआप निघायची, उशिराचा दंड नाही. भांडणं सगळी त्या क्यूवरून. खातं एकच, आणि नवरा रात्री गुपचूप माझे सिनेमे खाली ढकलून स्वतःचे मारामारीचे वर चढवायचा. जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) कित्येक महिने चाळिसाव्या नंबरवर लोळत होता. नवरा कामासाठी आठवडाभर डॅलसला गेला, त्या रात्री मी तो पहिला आणून ठेवला.

सासू-सासरे तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. दोघांना गाडी येत नाही, दिवसभर जाणार कुठे? टपालाची गाडी दिसली की सासरे चपला सरकवून मेलबॉक्सपाशी हजर. लाल पाकीट त्यांनीच उघडायचं, पट्टी हलक्या हाताने सोडवत, कारण डिस्क परत जायची ती त्याच पाकिटातून.

सिनेमात ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे येतात. मुलांना वेळ नाही, म्हणून ती दोघांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवून मोकळी होतात. मायेने करते ती विधवा सून. मी सबटायटलं मराठीत सांगत होते. आतामीला दोघं समुद्राकाठी बंधाऱ्यावर बसतात, तिथे सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. “अहो, हे आपलं नायगारा.”

आदल्याच महिन्यात नवऱ्याने दोघांना टूरच्या बसमध्ये बसवून नायगाऱ्याला धाडलं होतं, “तेवढाच तुम्हाला बदल” म्हणून. सासरे काही बोलले नाहीत. दोन तास सोळा मिनिटांचा सिनेमा. शेवटी शेवटी माझं सांगायचं राहूनच गेलं आणि कुणी विचारलंही नाही. डिस्क मात्र त्यांनी पाकिटात घालू दिली नाही. “तो आला की त्याला दाखव.” त्याने वीस मिनिटं बघितला, “नुसते बसलेत की सगळे” म्हणाला आणि घोरायला लागला. नायगाऱ्याचा विषय काढला की आजही तिकिटांचे पैसे कुणी भरले ते ऐकवतो.

तर नेटवर सगळं मिळत नाही. अमेरिकेत विकत घेतलेली डिस्क भाड्याने द्यायला स्टुडिओची परवानगी लागत नाही, म्हणून तिथे कपाटात काहीही असायचं. स्ट्रीमिंगला हक्क घ्यावे लागतात, मुदत संपली की सिनेमा गायब. नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ला शेवटच्या डिस्क रवाना केल्या आणि ज्यांच्याकडे होत्या त्यांना ठेवून घ्या म्हणून सांगितलं.

तुम्ही अमेरिकेत असाल तर आधी लायब्ररीचं कार्ड काढा. बऱ्याच गावांत त्यावर कॅनपी ही सिनेमांची स्ट्रीमिंग साइट फुकट असते, आणि शेल्फावर डिस्कही असतात. पदरचे पैसे घालायचे तर क्रायटेरियन चॅनल, तीही स्ट्रीमिंगच. भारतात तसंच मुबी. ‘जगातले शंभर सर्वोत्तम’ असल्या याद्यांच्या नादी लागू नका. एक दिग्दर्शक धरा आणि त्याचे चार सिनेमे ओळीने बघा. ओझू धराल तर घाई नको.

आणि हो, टपालाचं सगळंच गोड नव्हतं. एक रशियन सिनेमा मी हौसेने मागवला, तो तीन महिने टीव्हीवर धूळ खात पडला आणि महिन्याचे पैसे जातच राहिले. पैसे वाया जातात, हा नवऱ्याचा मुद्दा तेवढा बरोबर होता. काहीही घ्या, खातं मात्र स्वतःचं वेगळं काढा.