खेळाडूचा कोच होताना

आइस हॉकीतून निवृत्त झाल्यावर लगेच मुख्य कोचची खुर्ची मागू नकोस. एखाद्या ज्युनियर संघात सहायक म्हणून जा आणि एकच काम मागून घे, शक्यतो डिफेन्सच्या जोड्या बदलण्याचं. वाटतं सोपं, पण नवखे तिथेच गडबडतात. खेळताना नजर पकवर, म्हणजे त्या रबरी चकतीवर, असायची. आता पुढे कोण उतरणार हे आधी ठरलेलं हवं.

शिफ्ट, म्हणजे एका जोडीची बर्फावरची एक पाळी, ४० ते ४५ सेकंदांची ठेव. पक समोरच्यांच्या क्षेत्रात खोल गेला की बदल कर, आपल्याच निळ्या रेषेच्या आत, म्हणजे आपल्या गोलकडच्या भागात, अडकला असताना मुळीच नाही. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात, आपला गोल बेंचपासून लांब जातो. दमलेली जोडी परतू शकत नाही आणि गोल बसतो. घाईत सहावा स्केटर खेळात आला, तर दोन मिनिटांची पेनल्टी ठरलेली.

सरावाच्या ६० मिनिटांत पाच-सहा ड्रिल पुरे. फळ्यावरचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपव. बर्फावर उभी राहिलेली पोरं गारठतात, ऐकत नाहीत. वेगाच्या ड्रिलमध्ये १५ सेकंद जोर, ४५ सेकंद विश्रांती. नाहीतर ती आळशी स्केटिंगच पक्की करतात.

चांगल्या खेळाडूची खरी अडचण वेगळीच: त्याला जे आपोआप जमायचं ते सांगता येत नाही. ‘खेळ वाच’ म्हणून काही होत नाही. ‘कोपऱ्यातला पक उचलण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघ, स्टिकचं पातं बर्फावर ठेव’ असं सांग. आणि हो, स्वतः ड्रिलमध्ये उतरायचा मोह आवर.