छापलेल्या किडनीसाठी थांबायचं का?

प्रश्न : धाकटा भाऊ दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहे. आईची किडनी त्याला जुळते, ती द्यायला तयारही आहे. पण एका व्याख्यानात प्रिंटरवर किडनी छापून दाखवल्याचा व्हिडिओ त्याने पाहिला आणि आता हट्ट धरून बसलाय, "आईला कशाला कापायचं, चार-पाच वर्षं थांबू." थांबावं का?

उत्तर : ताई, थांबू नका. कारण पुढे सांगते, पण उत्तर हेच.

तो व्हिडिओ २०११चा असणार. अमेरिकेत प्रयोगशाळेत अवयव वाढवण्यावर संशोधन करणाऱ्या डॉ. अँथनी अटाला यांनी तेव्हा मंचावर दाखवला तो किडनीच्या आकाराचा नमुना होता. त्याच मंचावर प्रयोगशाळेत वाढवलेलं मूत्राशय बसवलेला एक तरुणही आला होता, त्यामुळे पाहणाऱ्यांची गल्लत होते. मूत्राशयाची ती गोष्ट खरी, पण ते छापलेलं नव्हतं. साच्यावर त्याच्याच पेशी पसरून वाढवलेलं होतं.

मूत्राशय म्हणजे पातळ भिंतीची पिशवी. एका किडनीत मात्र सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येकीला रक्त पोचावं लागतं. खरी अडचण इथेच आहे. मी स्वतः पेशी छापते. जिलेटिनसारख्या जेलमध्ये पेशी कालवायच्या आणि बारीक नळीतून थरावर थर द्यायचे. दाब वाढला तर पेशी नळीतच मरतात, कमी पडला तर नळी तुंबते. एवढं जमतं. पण पहिल्यांदा एक सेंटिमीटर जाडीचा तुकडा छापला आणि काही दिवसांनी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा कडेला हिरवी रेघ दिसली आणि आत सगळं लाल. हिरव्या म्हणजे जिवंत, लाल म्हणजे मेलेल्या. रक्तवाहिनीपासून साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शापलीकडे पेशीला प्राणवायू पुरत नाही. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं.

म्हणूनच २०२२मध्ये रुग्णाच्याच पेशींपासून छापून बसवला तो कान. कानाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतातच. वाहिन्यांचं कामही पुढे सरकतंय. २०१९मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातले संशोधक जॉर्डन मिलर यांच्या गटाने जेलमध्ये हवेची इवली पिशवी आणि तिच्याभोवती वाहिन्यांचं जाळं छापलं. त्यांच्या पद्धतीत जेल प्रकाशाने घट्ट होतं; तो प्रकाश नको तिथे पोचू नये म्हणून वापरला खाण्यातला पिवळा रंग! त्या जाळ्यातून जाताना रक्तपेशींनी प्राणवायू उचलला. ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. पण तिथपासून शरीरात वर्षानुवर्षं चालणाऱ्या किडनीपर्यंतचा पल्ला चार-पाच वर्षांचा नाही.

भावाला एवढं सांगा, आज आईची किडनी घेतली म्हणून पुढची वाट बंद होत नाही. आईच्या तब्येतीची कसून तपासणी होते, आणि बहुतेक ठिकाणी आता दात्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करतात. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना त्याला सोबत न्या. आईबद्दलची भीती त्यालाच तिथे बोलू दे.