पूर आला तर कुत्र्या-मांजराचं काय? आत्ताच ठरव

भावा, तू पहिल्यांदाच कुत्रा पाळलायस आणि घर सीना नदीच्या काठाला, म्हणून स्पष्ट सांगते. शक्यतो मागं सोडायचंच नाही. सप्टेंबर २०२५ ला माढा, करमाळा, मोहोळकडं सीनेनं काय केलं ते बघितलंच आपण, पाणी चढायला लागलं की विचार करायला टाईम मिळत नाही, त्यामुळं सोलापूर शहरात कोण पाव्हणा कुत्र्यासकट ठेवून घेईल हे आजच फोन करून विचार, कारण निवारा केंद्रात जनावर घेतीलच असं नाही.

पट्टा, तोंडाला बांधायची जाळी, रेबीजच्या लसीचं कार्ड, त्याच्यासोबत तुझा फोटो, सगळं एका पिशवीत. मांजर असेल तर झाकणाची टोपली पायजेच, घाबरलेलं मांजर हातात राहत नाही.

आणि खरंच बोटीत जागा नाही, पोरंबाळं म्हातारी माणसं आहेत, तर आधी माणसं. त्यात पाप नाही रे. पण बांधून जाऊ नकोस! दावं सोड, गाई-म्हशींचं पण, गच्चीचं दार उघडं ठेव, खाणं-पाणी उंचावर ठेव आणि बचाव पथकाला सांगून ठेव की घरात जनावर आहे. १९६२ या नंबरला फोन केला की जनावरांच्या दवाखान्याची गाडी मिळते, नंबर सेव्ह कर.

अमेरिकेत २००५ ला कॅटरिना वादळात कितीतरी लोक जनावरांपायी घर सोडेनात, मग २००६ ला तिथं कायदाच केला की सुटकेच्या प्लॅनमध्ये पाळीव प्राणी धरायचेच. आपण निदान घरापुरतं तरी धरू.