फ्रान्समधल्या ल्यों शहरात एकच रात्र आहे. साधं पण चांगलं जेवण कुठे मिळेल?

‘बुशों’मध्ये जा. ल्योंच्या पारंपरिक, घरगुती चवीच्या खाणावळींना हे नाव आहे. जुन्या शहरात त्या पावलोपावली दिसतील, पण दारात उभं राहून बोलावणाऱ्या आणि चार भाषांत फोटोंचा मेनू लावणाऱ्या जागा टाळा. फळ्यावर खडूने लिहिलेले मोजके पदार्थ दिसले की आत शिरा. ‘केनेल’ खाच! पाइक माशाचा मऊ, फुगलेला गोळा आणि वर दाट सॉस. मला त्या शहरात याहून काही आवडलं नाही. शाकाहारींची मात्र पंचाईत होते, कारण तिथल्या प्रसिद्ध सॅलडमध्येही डुकराचं मांस असतं. रविवार-सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात, म्हणून आधी टेबल राखून ठेवा. ‘कराफ दो’ मागितलं की नळाचं पाणी फुकट मिळतं.