समन्स परत पाठवलं म्हणून दावा परत जात नाही

प्रश्न : माझे पती सूतगिरणीत आहेत, पगार २२,००० रुपये. मी घरी शिवणकाम करते. सासूबाईंच्या ऑपरेशनला यांनी गावातल्याच एकाकडून महिना पाच टक्क्यांनी दीड लाख घेतले, कोऱ्या स्टॅम्पवर सही करून. वर्षभर व्याज भरलं, मग थकलं. त्याने दावा लावला. समन्स आलं तेव्हा सगळे म्हणाले, घेऊच नका, केस पुढे जात नाही. यांनी बेलिफाला परत पाठवलं. तीन महिन्यांपूर्वी एकतर्फी निकाल लागला आणि गेल्या आठवड्यात बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन दारात आला. माझं मशीन, मंगळसूत्र नेतील का? आता काही करता येईल का?
(एक वाचक भगिनी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ताई, आधी मशीन आणि मंगळसूत्राचं सांगते, म्हणजे तुम्हाला झोप तरी लागेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्त न करण्याच्या वस्तूंची यादी आहे. अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना तिच्यात येतो. मंगळसूत्र त्यातलंच. कारागिराची अवजारंही येतात. शिवाय हुकूमनामा (पैसे भरा असा कोर्टाचा आदेश) तुमच्या पतीवर आहे, तुमच्यावर नाही. मशीनची पावती तुमच्या नावाची असेल तर ती आजच शोधून ठेवा. तरीही बेलिफाने मशीन पंचनाम्यात घेतलं, तर त्याच दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात दिलेल्या अर्जात) तुम्ही स्वतः हरकत घेऊ शकता. आणि सूर्यास्तानंतर बेलिफाला जप्तीसाठी घरात शिरता येत नाही. दिवसा आला तर वाद घालू नका, वॉरंटवरचा दरखास्त नंबर लिहून घ्या.

पगाराला मात्र हात लागू शकतो. हिशेब असा : पहिले १,००० सोडायचे, उरलेल्या २१,००० पैकी दोन तृतीयांश सोडायचे. राहिले ७,०००. महिन्याला जास्तीत जास्त तेवढेच कापता येतात, आणि या एका हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिन्यांची कपात झाली की पुढे पगार मोकळा. भविष्यनिर्वाह निधीला हात लावता येत नाही.

आता निकालाचं. ‘समन्स घेऊ नका’ म्हणणारे वकील चहाच्या टपरीवर बसतात, तारखेला कोणी येत नाही. समन्स नाकारलं की बेलिफ ते दाराला डकवून तसा अहवाल देतो आणि कोर्ट बजावणी झाली असं धरतं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला त्याच कोर्टात अर्ज करता येतो, पण मुदत ३० दिवसांची. समन्स खरोखर बजावलंच गेलं नसेल तर ते ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. तुमच्या केसमध्ये समन्स नाकारल्याचा बेलिफाचा अहवाल असणार, म्हणून ते निकालाच्या तारखेपासून मोजतील. तेव्हा विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल आणि त्यात खरं कारण लागेल. सासूबाईंच्या दवाखान्याची कागदं त्या तारखांची असतील तर लावा. ‘लोकांनी सांगितलं म्हणून घेतलं नाही’ हे कारण कोर्टात टिकणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. जिल्हा न्यायालयात अपिलाचा रस्ताही आहे, त्यालाही मुदत ३० दिवसच. नुसता अर्ज दिल्याने जप्ती थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती देताना कोर्ट बहुधा काही रक्कम भरायला लावतं. तेवढ्या पैशांची तयारी ठेवा.

अर्ज मंजूर झाला तर तुमची बाजू कमकुवत नाही. हा माणूस गावात आणखी लोकांना व्याजाने पैसे देतो का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्याला कोर्ट हुकूमनामा देऊ शकत नाही. फक्त तो सावकारीचा धंदा करतो हे कैफियतीत (दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात) मांडून सिद्ध करावं लागतं, एखाद्याने एकदा हातउसने दिले तर तो सावकार ठरत नाही. व्याज भरल्याच्या फोन-पेच्या नोंदी, त्याच्याकडून घेतलेले आणखी दोन-तीन जण, हे जमवा. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे (सहकारी संस्था) वेगळी तक्रारही करता येते.

तुम्ही वकील शोधत असाल तर हुकूमनामा पतीवर असला तरी मशीनची हरकत तुमची आहे. स्त्रियांना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि दरम्यान त्या माणसाच्या हातात रोख ठेवून ‘मिटलं’ म्हणू नका. हुकूमनाम्यापोटी कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवले नाहीत तर दरखास्तीत ते दिलेच नाहीत असं धरतात. नोंदवण्याची मुदत पुन्हा ३० दिवस.

प्रश्न : मित्राला पतसंस्थेत जामीन राहिलो. त्याने हप्ते बुडवले, आता उपनिबंधकांची (सहकारी संस्था) कलम १०१ ची, म्हणजे थकबाकी वसुलीची नोटीस मला आली आहे. आधी त्याच्याकडून वसूल करा, असं सांगता येईल का?
(जि. प. कर्मचारी, सांगली जिल्हा)

उत्तर : नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, संस्था कोणाच्याही मागे आधी लागू शकते. पण तारखेला हजर राहा. खातेउतारा मागा, व्याज आणि दंडव्याज कर्जरोख्याप्रमाणे लावलंय का ते एकेक ओळ करून पाहा, आणि हरकत लेखी द्या, पोचपावतीसह. सगळा जोर इथेच लावा. कारण एकदा वसुली दाखला निघाला की त्यावर पुनरीक्षण अर्ज करायला दोन महिने मिळतात आणि येणे रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरल्याशिवाय तो अर्ज घेतच नाहीत. पगारदार माणसाला तिथेच घाम फुटतो. पैसे भरावेच लागले तर पावती ‘जामीनदार या नात्याने’ अशी घ्या. त्या रकमेपुरते तुम्ही संस्थेच्या जागी उभे राहता आणि मित्रावर दावा लावू शकता. मैत्रीचं काय, ते तुम्ही पाहा.

प्रश्न : क्रेडिट कार्डाचे पैसे थकलेत. व्हॉट्सअॅपवर ‘अटक वॉरंट’ आलंय, आईलाही फोन करतात. तुरुंगात जावं लागेल का?
(पुणे)

उत्तर : निव्वळ पैसे नाहीत म्हणून कोणी आत जात नाही. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात १९८० सालीच सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. ऐपत असून लबाडीने टाळणाऱ्याची गोष्ट निराळी, आणि पैशांच्या हुकूमनाम्यात स्त्रीला तर अटकच करता येत नाही. चेक परत गेला असेल तर मात्र तो फौजदारी मामला आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चेकची नोटीस हातात पडली की भरायला १५ दिवस मिळतात, ते वाया घालवू नका.

वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोनची वेळ लिहून बँकेकडे लेखी तक्रार करा. वॉरंट पाठवणाऱ्याला एवढंच विचारा : केसचा सीएनआर नंबर काय? १६ अक्षर-अंकांचा असतो. तो ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाकला की केस खरी आहे का आणि पुढची तारीख कधी, दोन्ही समजतं. खरी निघाली तर त्या तारखेला जा.