प्रदर्शनाला गर्दी झाली, पण पुढे काहीच घडले नाही. आमच्या विद्यार्थी गटाने यंदा काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, डिझाइन विभागातील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तुमचा एक गट चालतो आणि विद्यापीठाच्या विस्तार कार्याचा भाग म्हणून गेल्या वर्षी तुम्ही शाळकरी मुलांसाठी एक दिवसाचे प्रदर्शन भरवले. गर्दी चांगली झाली, पण नंतर ना एखादी शाळा परत आली, ना गटातल्या कोणाला आपण काही शिकलो असे वाटले. यंदा काय वेगळे करावे आणि यात जाणारा वेळ अभ्यासाच्या मुळावर येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. अशा एका गटाचा मार्गदर्शक शिक्षक म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे आणि तुम्ही वर्णन केलेले प्रदर्शन मी स्वतः दोनदा भरवले आहे, त्यामुळे हे उत्तर बऱ्याच अंशी माझ्याच चुकांतून आलेले आहे.

मुलांसमोर पूर्ण झालेली वस्तू नेऊ नका. जिच्यात अजून बदल करता येईल अशी वस्तू न्या, हे माझे मुख्य सांगणे आहे. पूर्ण झालेल्या वस्तूपुढे पाहुण्याला टाळ्या वाजवण्यापलीकडे काही काम उरत नाही. आमच्या पहिल्या प्रदर्शनात एक यांत्रिक हात होता. त्यावर विद्यार्थ्यांनी अख्खे सत्र घालवले होते. मुले रांगेने आली, हाताने पेला उचललेला पाहिला, बॅटरी किती वेळ चालते एवढे विचारले आणि पुढच्या टेबलाकडे गेली. दोष मुलांचा नव्हता. विचारण्यासारखे सगळे प्रश्न आम्हीच आधी सोडवून, झाकून, रंग देऊन ठेवले होते.

पुढच्या खेपेस आम्ही जमिनीवर पडलेली वस्तू न वाकता उचलण्याचा लांब दांड्याचा चिमटा नेला. तो पुठ्ठा, लाकडी पट्ट्या आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या मुठीचा कच्चा नमुना होता. पकडीचे बल किती हवे याचे गणित अभियांत्रिकीच्या मुलांनी केले होते आणि मुठीचा आकार डिझाइनच्या मुलींनी मातीच्या अनेक नमुन्यांवरून ठरवला होता, त्यामुळे आपले काम पक्के आहे अशी सगळ्यांची खात्री होती. एका डावखुऱ्या मुलीने तो हातात घेतला आणि खटका तळव्यात रुततो म्हणून लगेच खाली ठेवला. आमच्या गटातले सगळे उजवे होते. हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नव्हता. त्या दिवशी तिथेच पुठ्ठा कापून दोन्ही हातांना चालेल अशी मूठ करण्याचा खटाटोप सुरू झाला, त्यात ती मुलगी आणि तिच्या वर्गातले आणखी काही जण बसले, आणि पुढच्या महिन्यात त्या शाळेने आपणहून निरोप पाठवला की सुधारलेली मूठ मुलांना पाहायची आहे. ‘शाळा परत येत नाही’ या तुमच्या तक्रारीचे उत्तर मला तरी याच प्रसंगात सापडले : जिथे आपल्या म्हणण्याने काहीतरी बदलले, तिथे माणूस परत येतो.

आता तुमच्या गटाच्या अंतर्गत अडचणीकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नात ती ओझरती आली असली तरी माझ्या अनुभवात ती मोठी असते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी यंत्र करायचे आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी शेवटी येऊन ते देखणे करायचे, तसेच भित्तिपत्रकेही काढायची, अशी वाटणी जवळपास प्रत्येक गटात न ठरवताच होते. ही वाटणी मोडायची असेल तर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी एकत्र वापरणाऱ्या माणसाकडे पाठवा, चित्र किंवा गणित सुरू होण्याआधी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभ्यासक्रमात २००७ मध्ये वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांच्या एका संघाला नवजात बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर करण्याचे काम मिळाले होते. संघातला एक जण नेपाळमध्ये गेला तेव्हा शहरातल्या रुग्णालयात इन्क्युबेटर वापराविना पडलेले दिसले. ज्या बाळांना ऊब हवी होती ती बरीचशी दूरच्या खेड्यांत, घरीच जन्मत होती. त्यामुळे यंत्र स्वस्त करण्याचा प्रश्नच मागे पडला आणि मेणासारख्या पदार्थाची गरम केलेली पिशवी आत ठेवून, सतत वीज न लागता काही तास ऊब देणारी झोपण्याची छोटी पिशवी तयार झाली. पुढे तीच ‘एम्ब्रेस’ या नावाने ओळखली गेली. हा निर्णय अभियंत्याचा होता की डिझायनरचा, हे वेगळे करून सांगता येत नाही आणि ते सांगण्याची गरजही नाही.

कार्यक्रमाचा आकार कसा असावा, याविषयी एक जुने उदाहरण मला उपयोगी वाटते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वुडी फ्लॉवर्स हे प्राध्यापक १९७० च्या दशकात प्रत्येक विद्यार्थ्याला सटरफटर साहित्याची सारखीच पिशवी देत आणि त्यातून एक ठरावीक काम करणारे यंत्र बनवायला लावत. शेवटी त्या यंत्रांची आपसांत स्पर्धा होई. अमेरिकी संशोधक डीन केमेन यांनी १९८९ मध्ये शाळकरी मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाची गोडी लावण्यासाठी ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली तेव्हा फ्लॉवर्स यांच्या मदतीने हीच कल्पना शाळांपर्यंत पोहोचली, आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली रोबोटिक्स स्पर्धा झाली. रोबो लक्ष वेधून घेतात हे खरे, पण माझ्या मते त्या योजनेतले खरे शहाणपण दोन साध्या गोष्टींत होते : साहित्य सर्वांना सारखे होते, आणि मुले व अभियंते काही आठवडे शेजारी बसून काम करीत होते. एका दिवसात पाचशे मुले आणण्यापेक्षा पंचवीस मुलांबरोबर सहा शनिवार घालवा. अहवालातला आकडा लहान होईल आणि विभागप्रमुखांना ते पटवावे लागेल, हे मी मान्य करतो.

गटातले विद्यार्थी दर वर्षी बदलतात, त्यामुळे कामाचा धागा तुटतो. पर्ड्यू विद्यापीठात १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘एपिक्स’ या उपक्रमात स्थानिक सेवाभावी संस्थांशी नाते विद्यार्थ्यांचे न राहता संघाचे राहते. विद्यार्थी सत्रागणिक येतात-जातात, निरनिराळ्या वर्षांचे आणि शाखांचे असतात, पण प्रकल्प अनेक सत्रे चालू शकतो. तुमच्याकडे एवढी यंत्रणा नसली तरी किमान दुसऱ्या वर्षातले दोन जण प्रत्येक भेटीला बरोबर न्या आणि एक वही ठेवा. त्या वहीत काय जमले यापेक्षा काय फसले ते आधी लिहा. गरजू भागांत काम करणाऱ्या ‘इंजिनीअर्स विदाउट बॉर्डर्स’ या अभियंत्यांच्या सेवाभावी संस्थेच्या कॅनडातील शाखेने २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचे अहवाल चक्क प्रसिद्ध केले, तुम्हाला प्रसिद्ध करण्याची गरज नाही, पण पुढच्या तुकडीला तीच वही सर्वांत जास्त कामी येते. आमच्या वहीत ‘मुठीचा आकार ठरवण्याआधी डावखुरा माणूस शोधा’ अशी ओळ आजही पहिल्या पानावर आहे.

सुरक्षिततेबाबत थोडेच सांगतो, कारण तुमच्या वर्कशॉपचे नियम तुम्हाला माहीत असतील. लहान मुलांना कमी तापमानाची ग्लू गन द्या, धारदार कटर मोठ्यांच्याच हाती ठेवा, आणि लेझर कटरवर पीव्हीसीचा पत्रा कोणी हौसेने लावणार नाही याची काळजी घ्या. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो आणि यंत्रही गंजते. मुलांची छायाचित्रे काढायची असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या.

राहिला वेळेचा प्रश्न. वेळ जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि परीक्षेच्या महिन्यात उपक्रम सरळ बंद ठेवावा. परंतु तुमच्यातले काही जण विद्यार्थ्यांच्या मोटार स्पर्धेत उतरणार असल्याचे तुम्ही लिहिले आहे, म्हणून एक हिशेब मांडतो. विद्यार्थ्यांनी स्वतः छोटी रेसिंग गाडी बनवून उतरायच्या ‘फॉर्म्युला एसएई’ या स्पर्धेत एकूण १००० गुण असतात आणि त्यांपैकी ३२५ गाडी जागेवर उभी असताना मिळवायचे असतात : रचनेचे १५०, खर्चाच्या मांडणीचे १०० आणि सादरीकरणाचे ७५. रचनेच्या फेरीत परीक्षक गाडीभोवती फिरत ‘हे असेच का?’ असे पुन्हा पुन्हा विचारतात आणि ‘मागच्या संघाने असेच केले होते’ हे उत्तर तिथे चालत नाही. आमच्या संघात या फेरीत न अडखळणारे विद्यार्थी बहुधा तेच निघाले, जे शनिवारी बारा वर्षांच्या मुलांसमोर बसत होते. कारण तोच प्रश्न ती मुले अधिक निर्दयपणे विचारतात. सुरुवात करायची असेल तर सध्या गटाच्या टेबलावर अर्धवट पडलेली एखादी वस्तू निवडा, तिला रंग देऊ नका, आणि जवळच्या शाळेतल्या एकाच वर्गासाठी दोन तास मागून घ्या.